पायलीवरचा हात

मित्रांनो, मला जुनी म्हणा, चालेल. पण मोडकी म्हणू नका. मी पायली आहे, धान्य मापायची लाकडी पायली. माझ्या अंगावरची एक लोखंडी पट्टी गळून पडली आहे, कड झिजली आहे, बुडाला चीर गेली आहे, हे सगळं मला ठाऊक आहे. तुम्ही सांगायची गरज नाही. पण एके काळी आमच्या गावात माझ्यावर हात ठेवून माणूस शब्द द्यायचा, आणि तो शब्द मोडत नसे. मग एक दिवस असा आला, की भर पंचायतीत माझाच आधार घेऊन शब्द मोडला गेला. त्या दिवसाचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही. आज तोच सांगायला बसले आहे.

केनवडच्या बाजाराला जाऊन सांजच्याला बैलगाडीनं परत येता येईल, एवढ्या अंतरावर आमचं गाव. संवत छपन्नच्या मोठ्या दुष्काळात त्या गावानं फार सोसलं. लोकांनी पेरणीचं बीसुद्धा दळून खाल्लं, आणि पुढच्या साली पाऊस आला तेव्हा शेतात टाकायला दाणा नव्हता. तेव्हा शहाण्या माणसांनी ठरवलं, की साऱ्या गावाचं मिळून एक धान्याचं कोठार असावं. त्याला धर्मगोला म्हणायचे. मारुतीच्या पाराजवळ मातीचं जाडजूड कोठार उठलं, आणि त्या कोठारासाठी लखमा सुतारानं मला घडवलं. शिवणीच्या झाडाचा ओंडका घेतला, आतून कोरला, घासून घासून गुळगुळीत केला. काम करता करता तो माझ्याशी बोलायचा. "पोटात कपट नको ठेवू बाई," म्हणायचा. काही सावकार आपल्या पायलीचं बूड जाड ठेवतात, म्हणजे आत दाणा कमी मावतो, म्हणून तो असं म्हणे. मी नाही ठेवलं कपट. ठेवलं ते माणसांनी.

धर्मगोल्यात धान्य कसं जमायचं, ते सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. जवारी मापताना पायली काठापर्यंत भरली की वर अजून दाणा ओततात. मग टोकदार रास होते. त्या वरच्या टोकाला शीग म्हणतात. आमच्या गावाची रीत अशी, की खळ्यावर धान्य मापलं जाई तेव्हा पायली घरची आणि शीग गोल्याची. मापणारा तळहातानं शीग सारून शेजारच्या टोपल्यात पाडायचा. ज्याचं खळं मोठं त्याच्या शिगा जास्त, ज्याचं लहान त्याच्या कमी. कोणी नाराज होत नसे. पहिली पायली मोजताना एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात. "लाभ!" असा आवाज खळ्यावर उठला की मला कोण अभिमान वाटायचा!

गोल्याचा मापाडी होता जानराव. थोडी जमीन, दोन बैल, आणि हाताचा सरळ. त्याच्या हातून शीग कधी कमी पडली नाही की जास्त गेली नाही. माझ्यावर त्याचा जीव होता. सुगी संपली की मला उन्हात सुकवायचा, कडूनिंबाचा पाला पोटात घालून ठेवायचा. मला वाटायचं, या माणसाच्या हातात आहे तोवर आपल्याला भीती नाही. वाटायचं, झालं.

सुरुवातीला गोल्याचा कारभार पाहणाऱ्या पंचांना देण्याची अक्कल नव्हती. कोणी आला, लग्न आहे म्हणाला, दिली जवारी. कोणी भजनी मंडळाला मागितली, दिली. कोणाचा बैल मेला, दिली. वर्षाअखेर कोठाराचं बूड दिसायचं आणि गावात एक धड काम उभं नसायचं. मग एका बैठकीत गोजराबाई बोलली. ती विधवा होती, स्वतःची शेती स्वतः करायची, आणि तिच्या जिभेला सगळे वचकून असायचे.

"थोडं थोडं सगळ्याइले देत बसान, त कोनाचंच काम पुरं होनार नाई," ती म्हणाली. "एक काम धरा. थे पुरं करा. मंग दुसऱ्याले हात लावा."

दौलतराव पाटलांना ते पटलं. ते पंचांत मुख्य होते. त्यांनी नियम केला, की बियाण्यापुरती जवारी कधीच हलवायची नाही, आणि वरची शिल्लक एका तपात एकाच कामाला लावायची. तप म्हणजे बारा वर्षं. तप संपलं की आखाजीच्या, म्हणजे अक्षय तृतीयेच्या दिवशी सगळं गाव पारावर जमायचं. जेवढी कामं सुचवली जातील तेवढी सुपं मांडायची. मग प्रत्येक चुलीमागं एकानं यायचं आणि आपल्याला हव्या त्या कामाच्या सुपात मूठभर जवारी टाकायची. ज्या सुपात रास मोठी ते काम त्या तपाचं. आणि पंचांपैकी कोणी शब्द दिला तर तो माझ्यावर हात ठेवून. मला जवारीनं भरायचं आणि वर हात ठेवायचा, अशी रीत. किती नेटकं ठरवलं होतं सगळं! मला वाटलं, असं गाव साऱ्या वऱ्हाडात नसेल.

गावाच्या वरच्या अंगाला माळावर एक तांडा होता. मदनसिंग त्याचा नायक आणि हिरीबाई त्याची बायको. तांड्यातली माणसं सुगीत गावच्या शेतांवर कापणीला यायची आणि मजुरी म्हणून जवारी न्यायची. त्यांना खळं नव्हतं. पण मदनसिंग म्हणाला, "आमी बी गावातलेच. आमच्या मजुरीचीबी शीग घ्या." मग जानराव त्यांची मजुरी मापताना त्यांचीही शीग सारायचा. कष्टानं मिळवलेल्या दाण्यातली ती शीग. मला ती जड वाटायची, खरं सांगते.

तांड्याला पाणी नव्हतं. खाली नाल्यात वाळू उकरून झिरे काढलेले होते. वाळूत खड्डा करायचा, तळाशी पाणी पाझरून जमेपर्यंत बसून राहायचं, मग वाटीवाटीनं घागर भरायची आणि चढ चढून वर न्यायची. बायका पाळी लावून बसायच्या. वैशाखात तर एक घागर भरायला अर्धा दिवस जायचा. माळावर एक जागा होती, तिथं पाणी लागेल असं जाणत्यांनी सांगितलं होतं. पण वरून कातळ होता. कातळ फोडून विहीर बांधायची तर महिनोन्‌महिने माणसं लावावी लागणार, त्यांना जवारी द्यावी लागणार. ते तांड्याच्या एकट्याच्या बसचं नव्हतं. म्हणून हिरीबाई पहिल्याच तपाच्या आखाजीला पारावर आली.

त्या वर्षी तीन सुपं मांडली होती. एक गावतलावाच्या बांधाचं, एक देवळापुढच्या फरशीचं आणि एक तांड्याच्या विहिरीचं. बांध जुना झाला होता आणि त्याच्या खालीच पाटलांची जमीन होती, जानरावाचाही तुकडा तिथंच. गाव बांध आणि फरशी यांत अर्धं अर्धं फुटलं होतं. तांड्याच्या मुठी जिकडं पडतील ते सूप जड होणार, हे पाटलांना बरोबर कळलं.

"आयक हिरीबाई," दौलतराव म्हणाले, "बांध फुटला त साऱ्या गावाचं पानी जाईन. हे तप बांधाले द्या. पुढच्या तपात पयलं काम तांड्याची इहीर."

"आमचे लेकरं पानी रोज पिते जी, बारा वर्सानं नाई," हिरीबाई म्हणाली.

"मी काही लबाड मानूस हाओ काय? सगळ्याइच्या मोरं बोलून राह्यलो."

मदनसिंगानं तिच्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं. "ठीक हाये पाटील. पायलीवर हात ठेवा."

त्या वेळी मी तांड्यानंच आणलेल्या जवारीनं शिगेपर्यंत भरलेली होते. आणि इथंच मदनसिंगाची चूक झाली. त्याच्या तांड्यात अशी रीत, की कोणाकडून काही घ्यायचं तर आधी आपण द्यावं. रित्या हातानं मागणं त्यांना लाजिरवाणं वाटे. त्यानं मला दोन्ही हातांनी उचललं. "आधी ही आमची जवारी गोल्याले!" असं म्हणून आनंदानं मला कोठारातल्या राशीवर पालथं केलं, सरळ करून पाटलांपुढं ठेवलं आणि म्हणाला, "आता ठेवा."

दौलतरावांनी हात ठेवला आणि शब्द दिला. हाताचा तळवा माझ्या कडेवर टेकला होता, आत काही नव्हतं. जानराव शेजारीच उभा होता. त्याची नजर माझ्या पोटात गेली, ती मी पाहिली. पण तो काही बोलला नाही, आणि बाकीच्यांच्या ध्यानातही आलं नाही. तांड्याच्या सगळ्या मुठी बांधाच्या सुपात पडल्या.

मित्रांनो, ते तप माझ्या आयुष्यातलं सगळ्यात चांगलं तप. बांध झाला, दगडी आणि देखणा. दूरची माणसं पाहायला यायची. "पायली पायलीनं बांधला," असं म्हणून लोक माझ्याकडं बोट दाखवायचे, आणि मी फुगून जायचे. तांड्याची माणसं बांधावर राबली आणि दर सुगीला शीगही देत राहिली. हिरीबाई मजुरी घ्यायला यायची तेव्हा स्वतःच मला शीग लावायची, जानरावाच्या हाताहूनही उंच.

"बस ना माय, कितीक लावतं?" जानराव हसून म्हणायचा.

"इहिरीले लागन ना भाऊ," ती म्हणायची.

जानराव नाल्याकडून येता-जाता तांड्यावर थांबायचा, त्यांच्या चुलीवरची भाकर खायचा. गावातले काहीजण त्यावरून त्याला टोचायचे, पण तो जुमानत नसे. म्हणून मी म्हणते, दौलतरावांचं मला एवढं लागलं नाही, जेवढं पुढं जानरावाचं लागलं.

तप संपलं. आखाजी आली. पार सारवला होता, सुपं मांडली होती. तांड्याची सगळी माणसं धुतलेले कपडे घालून आली होती. हिरीबाई तर विहिरीच्या जागी पुजलेला नारळच घेऊन आली. मला भरून मधोमध ठेवलं होतं. मी सुपांकडं पाहिलं. एक बाजाराच्या दगडी ओट्यांचं, एक देवळापुढच्या फरशीचं. तिसरं सूप नव्हतंच. गोजराबाई दोन वर्षांपूर्वी वारली होती. ती असती तर तिथल्या तिथं ओरडली असती.

दौलतराव बोलायला उभे राहिले. गावात आठवडी बाजार भरला पाहिजे, मालेगावच्या वाटेवरच्या गाड्या इथं थांबल्या पाहिजेत, ओटे बांधले की व्यापारी येतील, तांड्यालाही हमाली मिळेल, असं ते बोलत राहिले. विहिरीचं नाव नाही. शेवटी हिरीबाई उठली.

"पाटील, इहिरीचं काय?"

"होईन ना. काहून घाई करतं? बाजार आला की मंग इहीर."

"मंग नाई. आता. तुमी पायलीवर हात ठेवला होता," मदनसिंग म्हणाला.

दौलतराव हसले. राग नव्हता त्यांच्या चेहऱ्यावर. हिशेब आधीच जुळवून आलेल्या माणसाचं ते हसू होतं. "हात ठेवला होता ना नायक. पन पायली भरेल होती काय? तुवंच आपल्या हातानं रिती केली. रित्या पायलीवरचा शब्द आपल्या गावात कदी चालला सांग."

पारावर कोणीतरी खिदळलं. बरेचजण खाली पाहू लागले. मदनसिंगानं दिलं ते आधी दिलं, एवढाच त्याचा गुन्हा!

हिरीबाई वळली. "जानरावभाऊ, तुमी बाजूलेच होते. तुमी सांगा, यायनं शब्द देला होता का नाई?"

सगळं गाव जानरावाकडं पाहू लागलं. मीही पाहत होते. बोल रे, बोल, मी मनातल्या मनात ओरडत होते. तू त्यांची भाकर खाल्ली आहेस. पण बांधाखाली जानरावाचा तुकडा होता, आणि तलावाच्या पाण्याची पाळी पाटलांच्या हाती होती. त्यानं एकदा पाटलांकडं पाहिलं, मग माझ्याकडं.

"रिती होती," तो म्हणाला. "पायली रितीच होती."

त्याला काय विचारलं होतं आणि त्यानं काय सांगितलं! खोटं बोलला असता तर मला एवढं झोंबलं नसतं. त्यानं खरं सांगून दगा दिला, आणि तोही माझं नाव घेऊन. ज्या हातानं मला उन्हात सुकवलं, त्याच माणसानं मला तांड्याच्या विरुद्ध साक्षीला उभं केलं. मला तोंड असतं तर मी साऱ्या पाराला सांगितलं असतं, की अहो, मी रिती होते, पण यांचीच जवारी देऊन रिती झाले होते!

कोणाच्या तरी सांगण्यावरून मग तिसरं सूप आणलं. पण गावाच्या मुठी ओट्यांच्या सुपात पडल्या. तांड्याच्या चुली त्या किती! हिरीबाईनं मूठ टाकली नाही. नारळ घेऊन ती आली तशी माळ चढून गेली.

पुढच्या सुगीला जानरावानं तांड्याची मजुरी मापली आणि सवयीनं शीग सारायला हात पुढं केला. हिरीबाईनं त्याचा हात धरला नाही की भांडली नाही. तिनं शीग लागूच दिली नाही. काठापर्यंत भरताच मला ओढून घेतलं. तिचं पाहून दुसऱ्यांनी तसंच केलं. मग गावातलेही पातळ शिगा लावू लागले. ज्यांना पाटलांचं वागणं आवडलं नव्हतं, ते पारावर बोलले नव्हते, पण खळ्यावर बोलले. ओटे झाले. बाजार थोडे दिवस भरला आणि मोडला. व्यापाऱ्यांना केनवड सोडून इथं यायचं कारणच नव्हतं. ओट्यांवर शेळ्या बसू लागल्या. कोठार रितं होत गेलं आणि पुढं एका पावसाळ्यात त्याची भिंत बसली ती कोणी उचलली नाही. मग सरकारी शिक्क्याची लोखंडी मापं आली. जानरावानं मला घरी नेऊन कोनाड्यात ठेवलं. कडूनिंबाचा पाला घालायचं त्यानं कधीच सोडलं होतं. त्याला माझ्याकडं पाहवत नसावं. पाहू नये त्यानं, असंच मलाही वाटायचं.

बरीच वर्षं गेली. दौलतराव वारले, मदनसिंगही वारला. जानराव थकला. एका वैशाखात, उन्हं चढल्यावर, त्यानं मला कोनाड्यातून काढलं, पुसलं, घरची जवारी शिगेपर्यंत भरली आणि वर फडकं बांधून माळाकडं निघाला. म्हातारा माणूस, डोक्यावर ऊन, हातात माझं ओझं. वाटेत दोनदा बसला. तांड्यावर पोचला तेव्हा त्याची जीभ टाळ्याला चिकटली होती.

हिरीबाई झोपडीपुढं बसली होती. नाल्याच्या उतारावर घागरीसकट घसरून तिचा पाय मोडला होता आणि तो वाकडाच जुळला होता. तिनं जानरावाला ओळखलं. "बसा" म्हणाली नाही, "जा" म्हणाली नाही.

जानरावानं मला तिच्यापुढं ठेवलं, फडकं सोडलं आणि भरल्या शिगेवर हात टेकला. "दौलतरावानं शब्द देला होता, हिरीबाई. मले मालूम होतं. तरी म्या तोंड दाबलं."

"तवा काहून नाई बोलले?"

"भेलो."

मला वाटलं, आता ती रडेल, किंवा त्याला माफ करेल. तिनं दोन्हींतलं काहीच केलं नाही. तिनं मला उचललं, जवारी त्याच्याच उपरण्यात ओतली, गाठ मारली आणि गाठोडं त्याच्या मांडीवर ठेवलं. "दाना घरी न्या. पायली राहू द्या."

"थोडं पानी देतं काय माय?" जानरावानं विचारलं.

"घागर रिती हाये. झिऱ्यात पानी जमावं लागते."

"किती येळ लागते?"

"आमी बसतो तितका," ती म्हणाली, आणि मला घेऊन लंगडत नाल्याकडं निघाली. तो मागोमाग गेला.

झिऱ्यावर बायका पाळी लावून बसल्या होत्या. हिरीबाईनं जानरावाला ओळीच्या शेवटी बसायला सांगितलं. कोणी त्याला आपली पाळी दिली नाही. वाळूच्या तळाशी ओंजळभर पाणी जमे, एक बाई ते काढी, मग पुन्हा सगळे वाट पाहत. हिरीबाईनं आपल्या पाळीला मला त्या खड्ड्यात बुडवलं. जन्मात पहिल्यांदा माझ्या पोटात पाणी शिरलं. लाकूड फुगलं, पट्टी कुरकुरली. ऊन कलेपर्यंत तो म्हातारा तिथं बसून होता. ओठ चाटत होता. शेवटी त्याची पाळी आली तेव्हा गढूळ पाणी थोडंच उरलं होतं. हिरीबाईनं ते माझ्यातून त्याच्या ओंजळीत ओतलं. तो ते प्यायला आणि तिच्याकडं न पाहता उठला.

तेव्हापासून मी झिऱ्यावरच आहे. धान्य मापायला केलेलं लाकूड पाण्यात किती टिकणार? माझी एक पट्टी गेली ती इथंच. विहीर अजून झालेली नाही. माझा जानरावावरचा राग त्या दिवशी थोडा निवला, पण गेला नाही. आणि तो गेला पाहिजे असंही मला वाटत नाही.

मित्रांनो, तुमच्याही गावात कधी सगळ्यांच्या घासातून काही जमेल, आणि येत्या बारा वर्षांत ते कशाला लावायचं हे ठरवायला तुम्ही पारावर बसाल. बसा, चांगलं आहे. पण त्याआधी एकदा घागर घेऊन माळाखालच्या नाल्यात या आणि ओळीच्या शेवटी बसा. कोणी तुम्हाला आपली पाळी देणार नाही. तहान लागेल, ऊन लागेल. पाणी मिळालं की ते प्या, मग पारावर जा आणि काय ठरवायचं ते ठरवा.